कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांनीं निवडलेला अभ्यासक्रम

दहावीचा निकाल लागला कीं आमच्या दारीं पालकांची ये-जा सुरू होते. कोणी मुलास सोबत घेऊन येतात, कोणी त्यास घरींच ठेवून येतात. परंतु प्रश्न सर्वांचा एकच असतो, आणि तो म्हणजे याला आतां कोणत्या शाखेंत घालावें. टक्के पुष्कळ पडले तर विज्ञान, बेताचे पडले तर वाणिज्य, त्याहून कमी पडले तर कला, आणि कोठेंच जमत नसेल तर हातकाम शिकविणारी एखादी संस्था, असा उतरता जिना बहुतेकांच्या मनांत आधींच बांधून तयार असतो. मुलाचा हात कशांत चालतो आणि त्याचा डोळा कशावर खिळतो, याला त्या जिन्यावर पायरीच नसते.

म्हणून यंदाच्या अंकांत आम्हीं अशा एका पुरुषाचें चरित्र सांगण्याचें योजिलें आहे कीं, ज्याच्यापुढें हाच प्रश्न सोळाव्या वर्षाच्या सुमारास उभा राहिला. ज्यानें वडिलांच्या इच्छेविरुद्ध एक अभ्यासक्रम निवडला. आणि तो पुरा करणें आपणांस शक्य नाहीं, असें ज्याला दोन वर्षांनीं स्वतःच्या डोळ्यांनींच सांगितलें.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर या गांवीं झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेहि मूळचे याच गांवचे व याच घराण्यांतले. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी होते. अशा घरांतील मुलानें पुस्तकांत डोकें घालावें, परीक्षा द्याव्या आणि विद्वान म्हणून नांव मिळवावें, ही अपेक्षा स्वाभाविकच होती. परंतु लक्ष्मणाचें मन शाळेच्या अभ्यासांत रमेना. त्याला ओढ होती ती दोन गोष्टींची. एक चित्रें काढण्याची आणि दुसरी यंत्रें न्याहाळण्याची. या दोन ओढी एकाच मुलाच्या ठिकाणीं असणें ही किती मोलाची गोष्ट आहे, हें त्या वेळीं घरांत कोणाच्या ध्यानांत आलें असेल असें वाटत नाहीं. खुद्द त्या मुलाच्याहि ध्यानांत तें आलें नव्हतें. त्यानें दोहोंपैकीं एकच उचलली आणि चित्रकार होण्याचें ठरविलें.

त्या काळीं चित्रकला शिकावयाची म्हणजे मुंबईची वाट धरावी लागे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगींतून १८५७ सालीं तेथें कलाशाळा निघाली होती. १८८५ सालीं लक्ष्मणराव या शाळेंत दाखल झाले. वडिलांना हा बेत पसंत नव्हता. चित्रें काढून पोट कसें भरणार, ही शंका आजच्या पालकांनाहि येते. मग त्या काळच्या एका वेदान्ती गृहस्थास ती आली यांत नवल कसलें? परंतु थोरले बंधु रामूअण्णा पाठीशीं उभे राहिले आणि शिक्षणाच्या खर्चाचा भार त्यांनीं उचलला. पुढें लक्ष्मणरावांचें नांव सर्वत्र झालें, रामूअण्णांचें तितकेंसें झालें नाहीं. पण धाकट्या भावाची आवड ओळखून तिच्यावर पदरचा पैसा लावणारा हा भाऊ नसता, तर पुढची हकीकत सांगण्याचा प्रसंगच आला नसता.

दोन वर्षें बरीं गेलीं. रेखाटन उत्तम साधत होतें. परंतु रंगाचें काम जसजसें वाढत गेलें तसतशी एक विचित्र अडचण उघडकीस आली. कांहीं रंग लक्ष्मणरावांना एकमेकांपासून वेगळे ओळखतां येत नव्हते. ते अंशतः रंगांधळे होते.

येथें विद्यार्थ्यांसाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. डोळ्याच्या आंतल्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात. त्यांपैकीं एखाद्या प्रकारांत जन्मतःच उणीव असली, तर कांहीं रंगांची सरमिसळ होते. नजर त्यामुळें मंद होत नाहीं. वस्तूचा आकार, तिची कड, तिचें अंतर हीं सर्व स्वच्छ दिसतात. ही उणीव बहुधा आईच्या बाजूनें मुलाकडे येते, आणि म्हणून मुलींपेक्षां मुलांत ती पुष्कळ अधिक आढळते. जॉन डाल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञानें १७९४ सालींच आपल्या स्वतःच्या अशा दृष्टीचें वर्णन विद्वानांपुढें मांडलें होतें. परंतु रंगीत ठिपक्यांत लपलेले अंक वाचावयास लावून ही उणीव दोन मिनिटांत ओळखण्याची इशिहारा या जपानी नेत्रवैद्याची पद्धति १९१७ सालीं प्रसिद्ध झाली. म्हणजे १८८५ सालीं लक्ष्मणराव मुंबईस निघाले तेव्हां ही पद्धति निघालेली नव्हती. रंगांत हात घातल्यावरच त्यांना तें कळलें.

त्यांच्या मनाची त्या वेळीं काय स्थिति झाली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. वडिलांचें मन मोडून ते निघालेले. भावाचा पैसा खर्च झालेला. घरीं परतावें तर काय तोंड दाखवावें? अशा प्रसंगीं पुष्कळ मुलें दोहोंपैकीं एक चूक करतात. एक तर हट्टानें त्याच भिंतीवर डोकें आपटीत राहतात, नाहींतर आपल्याला कांहींच येत नाहीं अशी समजूत करून घेऊन सर्वच सोडून देतात. लक्ष्मणरावांनीं दोन्ही टाळलें. आपलें काय गेलें आणि काय उरलें याचा त्यांनीं हिशेब केला. गेला होता तो रंग. उरली होती ती रेघ. त्याच शाळेंत यंत्रचित्रण शिकविलें जात असे. चित्रकलेचा वर्ग सोडून त्यांनीं तो विषय धरला, आणि लहानपणापासून मनांत असलेली ती दुसरी ओढ येथें पहिलीला येऊन मिळाली.

यंत्रचित्रण म्हणजे काय, हें आमच्या कित्येक पालकांना ठाऊक नसतें. तेव्हां तेंहि सांगतों. चित्रकार एखादें यंत्र डोळ्यांना दिसतें तसें काढतो. यंत्रचित्रण करणारा तें वस्तुतः आहे तसें काढतो. दूरचें चाक लहान दिसतें म्हणून तो तें लहान काढीत नाहीं. वरून, समोरून आणि बाजूनें अशीं तीन चित्रें तो एकाच प्रमाणांत मांडतो. आंतला भाग दाखवावयाचा झाल्यास यंत्र मधोमध कापल्याची कल्पना करून त्याचा छेद काढतो, आणि जेथें जरूर तेथें माप लिहितो. असा कागद हातीं पडला म्हणजे ती वस्तु जन्मांत न पाहिलेला दूरदेशचा कारागीरहि ती घडवूं शकतो. ओतकामांत तर या मापांची खरी कसोटी लागते. वितळलेलें लोखंड वाळूच्या साच्यांत ओतलें म्हणजे निवतांना तें फुटास सुमारें एक अष्टमांश इंच आकसतें. म्हणून ज्या लाकडी नमुन्याचा ठसा वाळूंत उठवावयाचा, तो तेवढाच मोठा करून ठेवावा लागतो. हा हिशेब चुकला तर एक भाग दुसऱ्यांत बसत नाहीं आणि सर्व मेहनत पुन्हां भट्टींत जाते. या विद्येंत कल्पनाशक्ति, गणित आणि हाताची सफाई हीं तिन्ही लागतात. ती हातकामाची म्हणून हलकी, असें म्हणणाराने एकदां ती शिकून पाहावी.

या विषयांत लक्ष्मणरावांनीं इतकें प्रावीण्य मिळविलें कीं, मुंबईस नव्यानेंच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें यंत्रचित्रणाचे साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. हीच संस्था आज वीरमाता जिजाबाई यांचें नांव धारण करते. वर्गांत शिकवावें आणि रिकामा वेळ मिळाला कीं तेथील कर्मशाळेंत जाऊन यंत्रें उघडावीं, जोडावीं, पुस्तकांशीं ताडून पाहावीं, असा त्यांचा क्रम होता. यंत्रशास्त्राची पदवी त्यांनीं कधीं घेतली नाहीं. परंतु अभ्यास सोडला असा एक दिवसहि त्यांच्या आयुष्यांत आला नसावा.

याच काळांत मुंबईच्या रस्त्यावर त्यांना सायकलवर बसलेला मनुष्य दिसला. आपल्याकडे तें वाहन तेव्हां नवलाचें होतें. लक्ष्मणरावांनीं मुंबईहून सायकली घेऊन बेळगांवास पाठवाव्या आणि रामूअण्णांनीं त्या तेथें विकाव्या, घेणाराला फी घेऊन बसावयास शिकवावें, बिघडलेल्या दुरुस्त करून द्याव्या, असा धंदा दोघां भावांनीं मांडला. किर्लोस्कर बंधु या पेढीचा आरंभ १८८८ सालचा धरला जातो, तो या सायकलींपासूनच. बेळगांवांत ज्या रस्त्यावर तें दुकान होतें त्याला आज किर्लोस्कर रोड म्हणतात.

पुढें संस्थेंत बढतीची वेळ आली तेव्हां लक्ष्मणरावांना डावलून ती जागा दुसऱ्यास दिली गेली. सरळ चाललेली नोकरी सोडणें सोपें नव्हतें. परंतु जेथें कामाची किंमत होत नाहीं तेथें राहणें त्यांना रुचलें नाहीं. राजीनामा देऊन ते बेळगांवास भावाकडे आले आणि केवळ दुरुस्ती व विक्री यांवर न थांबतां स्वतः वस्तु घडविण्याच्या मागें लागले.

पहिल्या वस्तु शेतकऱ्याच्या उपयोगाच्या होत्या. कडब्याची पेंढी जनावरापुढें तशीच टाकली तर तें पाला खातें आणि जाड ताटें तुडवून वायां घालवितें. म्हणून कडबा बारीक कापण्याचें यंत्र त्यांनीं केलें. त्यानंतर लोखंडी नांगर घेतला. लाकडी नांगर जमीन चिरतो, पण ती उलटी करीत नाहीं. काळ्या जमिनींत हरळी आणि कुंदा यांचीं मुळें खोल जातात. तीं वर येऊन उन्हांत सुकलीं पाहिजेत, तरच पिकाला जागा मिळते. लोखंडी नांगराचा वळलेला पंख फाळानें कापलेली माती उचलून कुशीवर पालथी घालतो. त्या पंखाचा बांक किती असावा, फाळ जमिनींत किती शिरावा, बैलांवर ओझें किती पडावें, हे सर्व प्रश्न रेघेचे आणि मापाचेच होते. मुंबईस शिकलेली विद्या शेतांत उतरली ती अशी.

परंतु नांगर घेण्यास शेतकरी पुढें येईना. लोखंडाच्या स्पर्शानें जमिनींत विष भिनतें अशी त्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जावयास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. शिकलेला मनुष्य अशा वेळीं शेतकऱ्याच्या अज्ञानाला हंसतो. ज्याचें वर्षभराचें अन्न एका शेतावर अवलंबून आहे त्यानें अनोळखी वस्तु त्या शेतांत घालण्यापूर्वीं दहादां विचार केला, तर त्यास दोष देण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. शेतकऱ्याचा विश्वास बसला तो शेवटीं नांगरलेली जमीन पाहूनच. त्या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनीं धीर सोडला नाहीं, ही त्यांची दुसरी मोठी परीक्षा. पहिली परीक्षा चित्रशाळेंत झाली होती.

काम जरा रुळतें न रुळतें तोंच बेळगांवच्या नगरपालिकेनें कारखान्याची जागा खालीं करण्यास सांगितलें. सामान घेऊन जावें कोठें? या संकटांत औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि धांवून आले. बाळासाहेब स्वतः चांगले चित्रकार होते आणि गुणाची पारख करणारे होते. त्यांनीं आपल्या संस्थानांत कुंडल रोड स्टेशनाजवळ जमीन दिली व दहा हजार रुपयांचें कर्जहि दिलें. जमीन बत्तीस एकर होती, पण कशी? निवडुंगानें भरलेली, सापांनीं बुजबुजलेली आणि पाण्याला पारखी. १९१० सालीं थोड्या सहकाऱ्यांना व त्यांच्या कुटुंबांना घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर उतरले. निवडुंग तोडला, तंबू आणि झोंपड्या उभारल्या आणि त्यांतूनच कारखाना उभा राहिला. रामूअण्णांनीं वसाहतीची व्यवस्था पाहिली, शंभूराव जांभेकरांनीं यंत्रें सांभाळलीं, मंगेशराव रेग्यांनीं हिशेब राखले. ज्याला जें साधतें तें त्याला द्यावें, हा लक्ष्मणरावांचा नियम होता. त्याची विद्या कितवीपर्यंत झाली हा प्रश्न त्यांच्या लेखीं मागाहूनचा. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरहि विश्वास टाकून त्यांनीं त्यांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलें. अस्पृश्यतेला त्या वसाहतींत थारा नव्हता. गांवाचें नांव किर्लोस्करवाडी पडलें.

पहिलें महायुद्ध १९१४ सालीं पेटलें आणि परदेशचें लोखंड येईनासें झालें. कारखाना बंद पडावयाचा तो जुन्या तोफांनीं तगविला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं संस्थानांतील निकामी तोफा दिल्या; त्या भट्टींत गेल्या आणि त्यांचे नांगर होऊन बाहेर पडले. शस्त्रें मोडून शेताचीं अवजारें करण्याची जी कल्पना यशया संदेष्ट्याच्या ग्रंथांत आपले विद्यार्थी वाचतात, ती आपल्याच मुलुखांत अशी प्रत्यक्ष घडली. पुढें पाण्याचे पंप, एंजिनें आणि इतर यंत्रें यांचीं कामें निघालीं आणि किर्लोस्करांचा माल देशभर जाऊं लागला.

हें चरित्र वाचून एखादा विद्यार्थी असें समजेल कीं, पदवीवांचून एवढें होतें तर शिकावें कशाला? त्यानें पुढची गोष्ट ध्यानांत ठेवावी. लक्ष्मणरावांनीं आपले चिरंजीव शंतनुराव यांस यंत्रशास्त्राच्या शिक्षणासाठीं अमेरिकेस धाडलें आणि १९२६ सालीं ते मॅसॅच्युसेट्स येथील विख्यात तंत्रशिक्षणसंस्थेचे पदवीधर झाले. ज्या ज्ञानासाठीं आपणांस रात्रीचे तास आणि उसनीं पुस्तकें वेंचावीं लागलीं, तें मुलास रीतसर मिळावें म्हणून बापानें खटपट केली. पदवी कमी लेखणारा मनुष्य असें करीत नाहीं. २६ सप्टेंबर १९५६ रोजीं, वयाच्या अठ्ठ्याऐशीव्या वर्षीं, लक्ष्मणरावांनीं हा लोक सोडला. पुण्याहून मिरजेस जाणाऱ्या गाडींतून आजहि त्यांच्या नांवाचें स्टेशन लागतें. जुना कुंडल रोड तो हाच.

आतां आमच्याकडून घडलेली एक चूक सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. शाळेचा पाण्याचा पंप बिघडला असतां मिस्त्री येण्यापूर्वीं त्यानें दोष कोठें आहे तें कागदावर आकृति काढून आम्हांस दाखविलें होतें. दहावीस त्याला उत्तम गुण मिळाले. तंत्रनिकेतनांत जाण्याची त्याची इच्छा होती. वडील सल्ला विचारावयास आले. आणि इतके गुण असतांना मुलानें वैद्यक सोडून हत्यारें कां धरावीं, असें आम्हीं त्यांस सांगितलें. मुलगा निमूटपणें गेला. दोन वर्षें त्यानें जीवशास्त्राचीं पुस्तकें घोकलीं, प्रवेशपरीक्षेंत त्याला यश आलें नाहीं, आणि मग बरोबरीचे मित्र दोन वर्षें पुढें गेले असतां तो तंत्रनिकेतनाच्या वर्गांत येऊन बसला. पुढें तो एकदां भेटला. त्यानें आम्हांस दोष दिला नाहीं. आपल्या नव्या यंत्राची आकृति मोठ्या हौसेनें दाखविली. ती पाहतां पाहतां आम्हांस त्या पंपाचा कागद आठवला. जें तेव्हांच आमच्या डोळ्यांसमोर होतें तें आम्हीं गुणपत्रिकेच्या आड ठेवलें होतें.

तेव्हां पालकांस आमची विनंति एवढीच कीं, येत्या जून महिन्यांत अर्ज भरण्यापूर्वीं, कोणी न सांगतां आपला मुलगा किंवा मुलगी काय करीत बसते हें आठवडाभर नीट पाहावें. तंत्रनिकेतन, औद्योगिक प्रशिक्षण संस्था, कांहीं कनिष्ठ महाविद्यालयांतील तांत्रिक विषय, आरेखन व रचना यांच्या शाळा, हीं दारें ज्यांना दुसरीकडे थारा नाहीं त्यांच्यासाठींच आहेत असें समजूं नये. आणि डोळ्यांची तपासणी आधीं करून घ्यावी. लक्ष्मणरावांना जें दोन वर्षांनीं कळलें तें आज दोन मिनिटांत कळतें.

आणि विद्यार्थी मित्रहो, निवड करूनहि ती चुकली असें कळलें, तर लाजेनें गप्प बसूं नका. कोणता रंग दिसत नाहीं हें मोकळेपणानें आम्हांस येऊन सांगा. कोणती रेघ उरली आहे तें आपण मिळून शोधूं. या वेळीं गुणपत्रिका वाचण्यापूर्वीं तुमचे कागद पाहण्याचें आम्हीं ठरविलें आहे.